दिल्लीच्या हॉटेलात जनावरांचे डॉक्टर

“वो जो अंकल बैठे हैं ना, डॉक्टर हैं. जानवरों के. उनसे पूछ लीजिए.”

रिसेप्शनवरची मुलगी हळू बोलत होती, पण मी तिच्या मागेच चहाच्या टेबलापाशी उभी होते. तिनं बोट दाखवलं ते माझ्या बाबांकडे. ती ज्यांना सांगत होती त्या साठीच्या एक बाई होत्या. आदल्या संध्याकाळी एक म्हातारा, तोंडावर पांढरा झालेला कुत्रा घेऊन त्या आमच्याच मजल्यावर उतरल्या होत्या. कुत्रा आता खोलीत होता आणि सकाळपासून भुंकत होता. जिन्यातून त्याचा आवाज खाली येत होता.

त्या बाई पोहोचायच्या आत बाबांना तिथून उठवायला हवं, हे मला लगेच कळलं. पण काय निमित्त सांगावं, याचा विचार करत मी कप धरून तशीच उभी राहिले. माझं नेहमी असंच होतं.

हे हॉटेल दादानं शोधलं होतं. तो दिल्लीत एका हॉस्पिटलात डॉक्टर, राहायला हॉस्टेलची एक खोली. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती नांदेडलाच थांबली. बंगल्यासारखं छोटं, महागडं हॉटेल होतं, आणि पाहुण्यांनी आपली कुत्री सोबत आणावीत अशी तिथे पद्धतच होती.

“आयुष्य जनावरांत गेलं त्यांचं,” दादा फोनवर म्हणाला होता. “इथे कुत्र्यांना कसं ठेवतात ते बघून खूश होतील बघ.”

तेव्हाच मला ‘नको’ म्हणता आलं असतं. मी ‘बरं’ म्हणाले.

दारातच पितळेच्या भांड्यांत पाणी भरून ठेवलेलं असायचं. खोलीत आमच्या पलंगांशेजारी एक बुटका पलंग होता, त्यावर पांढरी चादर आणि छोटी उशी. जेवणाच्या कार्डावर मागच्या बाजूला कुत्र्यांचे पदार्थ छापले होते, बिनमिठाचा चिकनभात आणि भोपळ्याचं सूप. पहिल्या दिवशी रजिस्टर भरताना त्या मुलीनं विचारलं, “और आपका पेट, सर?” बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “हमारे सब पेशंट गोठे में हैं, बेटा. भैंस को यहाँ लिफ्ट में कैसे लाते?” ती खूप हसली. दादानं तिला अभिमानानं सांगितलं की बाबा तीस वर्षं सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. ते तिनं लक्षात ठेवलं.

बाबा हसतखेळत होते, पण बागेत चहा घेताना त्यांनी दोन्ही दिवस कुत्र्यांकडे पाठ करून खुर्ची घेतली. आणि एक गोष्ट, जी बहुधा मीच पाहत होते. जवळ कुत्रं भुंकू लागलं की बाबा बोलता बोलता थांबायचे. भुंकणं थांबलं की जिथे सोडलं होतं तिथून वाक्य पुढे न्यायचे. नांदेडच्या आमच्या गल्लीतही हेच असायचं. दादाला वाटायचं, बाबांना जरा कमी ऐकू येतं.

दादाला माहीत नव्हतं, यात त्याचा दोष नाही. दहावीचा निकाल लागला आणि त्याला लातूरला ठेवलं. त्या वर्षांत आमच्याकडे हुशार मुलांना लातूरलाच ठेवायचे. गल्लोगल्ली क्लासेस, एका खोलीत चार मुलं, मेसचा डबा. दिवाळीला यायचा तेव्हाही तो केमिस्ट्रीच्या नोट्स घेऊन गच्चीवर बसायचा. मग मेडिकल, मग दिल्ली. घरात मधल्या काळात जे बोललं गेलं ते त्याच्या वाट्याला आलंच नाही.

मी सहावीत होते. शाळेत इंग्रजीतून वडिलांवर निबंध लिहायचा होता. माझे वडील प्राण्यांवर प्रेम करतात असं मी लिहिलं होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवायला लावला होता. त्याच आठवड्यात शेजारच्या काकू आजारी पिल्लू पदरात घेऊन आल्या आणि बाबांनी दारातूनच त्यांना परत पाठवलं. मला फार लाज वाटली. दुपारी आई त्यांच्यावर चिडली. मी मधल्या खोलीत दाराआड अभ्यास करत होते. मी घरात आहे हे लोक नेहमीच विसरतात.

“मुके जीव ते. असं कसं करून राहिले तुम्ही?” आई म्हणाली.

मग बाबांनी तिला सांगितलं.

भूकंपाच्या वेळी ते लातूरकडे नोकरीला होते. दादा तान्हा होता, मी नव्हतेच. गोठ्यांखाली सापडलेल्या जनावरांसाठी औषधाची पेटी घेऊन ते एका गावात गेले होते. तिथे एका ढिगाऱ्यावर एक तांबडं कुत्रं उभं होतं. एकाच जागी तोंड करून भुंकत होतं, हटत नव्हतं, दोघांना चावलं होतं. उपसणारी माणसं दोन दिवस झोपलेली नव्हती. “साहेब, ह्याला कायतरी द्या,” ती म्हणाली, “काम करू देईना हे. बाजूला कुणी हाकारलं तरी ऐकू येईना.” बाबांनी भाकरीच्या तुकड्यात औषध घालून टाकलं. कुत्रं गुंगीत गेलं, ते त्यांनी उचलून बाभळीखाली ठेवलं. मग शांत झालं. मग पलीकडच्या ढिगातून आवाज आला असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे तिकडे गेले.

कुत्रं उभं होतं त्या जागेवर माणसं दोन दिवसांनी आली. खाली एक बाई होती.

“आधीच गेली असंल ती,” आई म्हणाली. “पहिल्याच धक्क्याला.”

“हाताजवळ तांब्या होता तिच्या. रिकामा.”

“सांडलं असंल पाणी.”

“तांब्या उभा होता,” बाबा म्हणाले.

एवढंच. भूकंपानंतर बाबांनी बदली मागून घेतली होती, आधी किनवटला, मग नांदेडला, हे मला माहीत होतं. का, ते त्या दुपारी कळलं. मी कुणालाच बोलले नाही. बाबांना तर नाहीच. म्हशीचं रेडकू अडलं की ते जेवणावरून उठून जायचे, आणि मी त्यांची पेटी दारापर्यंत नेऊन द्यायचे. आमच्या दोघांत जे होतं ते तेवढंच होतं आणि मला ते पुरायचं.

त्या बाई बाबांसमोरच्या खुर्चीत बसल्या. नुकताच आलेला दादा बाबांशेजारी उभा होता. मी कप ठेवून जवळ गेले.

त्यांचे पती जवळच्या हॉस्पिटलात होते, परवा ऑपरेशन होतं. कुत्र्यासकट राहू देणारं जवळपास हे एकच हॉटेल. बाकीचे पाहुणे तक्रार करत होते. मॅनेजर नम्रपणेच म्हणाला होता की संध्याकाळपर्यंत शांत झाला नाही, तर काहीतरी वेगळी सोय बघावी लागेल.

“पता नहीं क्या हुआ है इसे,” त्या म्हणाल्या. “घर पे कभी नहीं करता. बस एक ही दीवार की तरफ़ मुँह करके भौंके जा रहा है. आप कोई गोली दे दीजिए डॉक्टर साहब, सो जाए थोड़ा.”

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “मैं कुत्तों का नहीं देखता.”

“सिर्फ़ नींद की…”

“नहीं देखता, बहनजी. माफ़ कीजिए.”

बाईंचा चेहरा उतरला. दादा खाली वाकला आणि मराठीत म्हणाला, “बाबा, काय हे. म्हातारा कुत्रा आहे, भ्रम झाला असेल त्याला. एक गोळी सांगायला काय जातं?”

बाबांनी मान खाली घातली.

“म्हशीसाठी जेवणावरून उठायचात तुम्ही. तिचा मालक वावराचा धनी असायचा म्हणून का?” दादा हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मुलगी रिसेप्शनवरून आमच्याकडेच पाहत होती. “मी इथे सगळ्यांना सांगत फिरलो, आमचे बाबा जनावरांचे डॉक्टर. आता काय सांगू, कुत्र्याला घाबरतात म्हणून?”

बाबांनी मान वर केली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ओठ हललेही. पण वर कुत्रा भुंकत होता आणि ते थांबायची वाट पाहत राहिले. तो थांबेना. दादाला वाटलं, त्यांच्याकडे उत्तरच नाही. त्यानं मान हलवली आणि खिशातून फोन काढला. दुसऱ्या कुणा डॉक्टरला विचारून गोळीचं नाव घेतो म्हणाला.

बाबा उठले. बाईंना नमस्कार केला आणि फाटकाच्या दिशेनं निघाले, पायांत खोलीतल्या कापडी सपाता तशाच. त्यांचा हा जो चेहरा होता तो मी त्या दुपारी दाराच्या फटीतून पाहिला होता. तेव्हा बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसावं असं मला वाटलं होतं, आणि मी वहीत मान घातली होती. आता ते एकटे रस्त्यावर जाणार, दादा गोळी आणणार, कुत्रा झोपणार, आणि बाबा उरलेलं आयुष्य ती शांतताही ऐकत राहणार.

मी पळतच गेले आणि त्यांची बाही धरली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. ते थांबले. दादाला, त्या बाईंना, सगळ्यांनाच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलले.

“बाबा, गोळी कुणालाच देऊ द्यायची नाही. तुम्ही चला माझ्यासोबत वर. तो काय दाखवतोय, ते आधी बघू.”