मामांची दांडी, कोयनेचं पाणी

मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मिरजेत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो आणि सुट्टी म्हणजे दुपारची झोप, एवढंच मला माहीत. तरीही जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला गाडी बाहेर काढली, कारण सासरे म्हणाले, "पावनं, सोमवारी डोळा कापायच्या आधी एकदा कोयनेवर जाऊन येऊ."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उजवा डोळा केव्हाच गेलेला, डाव्याचं ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर नुसतंच 'बघू' म्हणाले होते, आणि डॉक्टरांचं 'बघू' मी रोज ऐकतो. काश्मीरमध्ये मामा एका साहेबांचे सहायक होते. साहेबांना ट्राऊट मासे धरायचा नाद. मामा कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्याने गळावर बांधून खोट्या माश्या तयार करायचे. साहेब दांडीला बांधलेल्या लांब दोरीच्या टोकाला ती माशी पाण्यावर अलगद टाकायचे, आणि मासा लागला की मामा हातजाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे. बदली झाल्यावर साहेबांनी दांडी मामांना देऊन टाकली. ती तेव्हापासून माळ्यावर पडून होती.

"पाच वरसं जाळी धरली," मामा गाडीत म्हणाले. "एक मासा माझ्या हातातल्या दांडीला लागलेला बघायचाय. डोळा हाय तवर."

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: मिरज, इस्लामपूर, कराड, पाटण, कोयनानगर, असा रस्ता. साडेतीन तास धरा, पण गळिताच्या दिवसांत इस्लामपूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मुकाट्याने चालावं लागतं, म्हणून चार. कराडला मिसळ खाऊन घ्या, पुढे बरी मिळेल याची खात्री नाही. कोयनानगरला हजार रुपयांत खोली मिळाली. गरम पाणी बादलीतून येतं, मागावं लागतं.

ट्राऊट इथे नाही. इथे महाशीर आहे, तोही आता कमी झालाय, म्हणून धरला तर सोडायचा असं आम्ही घरूनच ठरवलं होतं. धरणाजवळच्या हद्दीत अजिबात जायचं नाही, आणि खाली कुठे बसायचं याची परवानगी स्थानिक मच्छीमारांच्या सोसायटीत विचारून घ्यायची. पाणी धरणाच्या तळातून येतं, त्यामुळे ऊन कितीही असलं तरी पाय बधिर होतात. मामांना तेच आवडलं. "अगदी काश्मीर," असं ते दिवसभरात चार वेळा म्हणाले.

सोसायटीने किसन नावाचा एक मच्छीमार आमच्यासोबत दिला. त्याने पहिल्यांदा नदीतला एक काळा खडक दाखवला. "भोंगा वाजला की पानी सोडत्यात. खडक बुडायच्या आत काठाला यायचं. मासा लागलेला असला तरी." मग त्याने मामांच्या डबीतल्या माश्या बघितल्या.

"आवं आन्ना, पीस खातोय व्हय मासा?"

"काश्मीरचं खात्यात."

"आमच्याकडचं लय हुशार हाईत."

शनिवारी त्याचंच खरं ठरलं. मामा दोरी मागे नेत, पुढे सोडत राहिले. दोरी दोनदा करंजाच्या फांदीत अडकली, एकदा माझ्या टोपीत. एकही मासा फिरकला नाही. मी दगडावर बसून संत्री खाल्ली. तटस्थ माणूस नदीकाठी फार सुखी असतो.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास मामा गुडघाभर पाण्यात होते. मी दोन हातांवर त्यांच्या शेजारी, हात मोकळे. जाळी त्यांच्या कमरेला लटकलेली, जुन्या सवयीने. माशी खडकाच्या सावलीत पडली, दोरी ताणली गेली आणि दांडी वाकली.

आणि पुढच्याच क्षणी मामांनी दांडी माझ्या हातात कोंबली, कमरेची जाळी सोडवली आणि खोल पाण्यात उतरले.

मी दांडी धरली. काय करायचं ते माहीत नव्हतं, नुसती धरून ठेवली. मामा मात्र वीस वर्षांनी लहान झाले होते. "ढिली सोडा! आता वढा! घाई न्हाई!" एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही म्हणतात, पण जाळी माशाखाली कशी सरकली ते मला दिसलंसुद्धा नाही. हातभर लांबीचा महाशीर, खवले पिवळेजर्द. जाळी पाण्यातच ठेवून त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"घ्या, साहेब."

म्हणाले आणि थांबले. माझ्या हातातल्या दांडीकडे बघत राहिले.

"मामा, मासा तुमचाच आहे," मी म्हणालो.

"सोडू त्याला. दमलाय," एवढंच ते बोलले. त्यांनी गळ काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, आणि तो निघून गेला. काठावर किसन कपाळाला हात लावून उभा होता. मी म्हटलं, अजून वेळ आहे, पुन्हा टाका. मामांनी दांडी घेतलीही. तेवढ्यात भोंगा वाजला. आम्ही काठावर आलो, आणि काळा खडक बघता बघता पाण्याखाली गेला. पाणी दिवसभर उतरायचं नाही, असं किसन म्हणाला, आणि आम्हाला संध्याकाळच्या आत मिरजेला पोचायचं होतं.

परतीच्या वाटेवर पाटणला थाळी घेतली. मामांनी अर्धी ठेवली. घरी सुनीताने, माझ्या बायकोने, दारातच विचारलं, "आबा, लागला का मासा?"

"लागला की. पावन्यांनी धरला."

त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. त्यांना जाळी धरायची जन्माची सवय होती. मला कसली होती? माझे हात मोकळे होते. मागे घेतले असते तर दांडी त्यांच्याच हातात राहिली असती. मासा सुटला असता कदाचित, पण त्यांच्या हातून सुटला असता. ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पट्टी निघाली. खिडकीवरचा कावळा दिसतो म्हणाले, मग भिंतीवरचं कॅलेंडरही वाचून दाखवलं. डॉक्टर हसले. सुनीता रडली. मीही थोडा.

चार दिवसांनी कामावरून आलो तर मामा गॅलरीत चष्मा लावून जाळीची फाटलेली घरं विणत होते. शेजारी दांडी पुसून ठेवलेली. शेवटची गाठ मारून त्यांनी जाळी माझ्याकडे दिली.

"ही आता तुमची. मी शिकवीन." मग म्हणाले, "आन् पावनं, मासा लागल्यावर म्या दांडी पुढं केली, तर घिऊ नका."