कॅल्शियम नसलेली बाटली

फोन वसूच्या आईचा होता. मुलुंडच्या ज्या औषध कंपनीत मी गोळ्या तपासायचं काम करते, तिथे दुपारचा चहा नुकताच आला होता. "रेवती, आमचा चेडू गेला गो," लेकीबद्दल एवढंच काकी म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... मागे हॉस्पिटलच्या लिफ्टचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी बिल विचारत होतं. मी "निघते" म्हटलं आणि चहा तसाच टाकून निघाले. त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं, सुटली बिचारी. मला ह्या वाक्याची चीड आहे. सुटली कसली? तिला जगायचं होतं. ते तिने धडधडीत बोलूनही दाखवलं होतं, अगदी शेवटी, स्वतःच्या शास्त्राला धरून. त्याबद्दल लिहायचं म्हणूनच हा लेख.

वसुधा परब आणि मी एकाच प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो. ती दिंडोशीच्या वसाहतीतून यायची. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले आणि मुलगी एम.एस्सी.ला असताना गेले. काकी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या. मी वर्ष-दीड वर्षात संशोधन सोडलं, नोकरी धरली, लग्न केलं. वसू टिकली. चिकाटी म्हणावी तर तीही अशी, की समोरच्याला वैताग यावा. आम्ही भांडी एकदा धुऊन मोकळ्या व्हायचो, ही आधी आम्लात भिजवणार, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळणार आणि उपडी ठेवून वर जाळी टाकणार. "अगं, लग्नाची पंगत बसणारेय का त्यात?" असं मी विचारायचे. ती वळूनही बघायची नाही.

ह्या सोवळ्याला कारण होतं. वसूचं काम एका बॅक्टेरियाच्या प्रोटीनवर होतं. प्रोटीन म्हणजे एक लांबलचक साखळी, तिची नीट घडी पडली तरच ती कामाची. ह्या प्रोटीनची गंमत अशी की बॅक्टेरियाच्या पोटात असेपर्यंत ते सैल, विस्कटलेलं असतं, कारण आत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. सैल असतं म्हणूनच ते अरुंद वाटेने बाहेर सरकू शकतं. बाहेर पडलं, कॅल्शियम भेटलं, की झटकन घडी पडते आणि ते विषारी होतं. धातूचे एवढेसे आयन, पण त्यांच्यावाचून सगळं अडतं. वसूने हे एकदा काकींना समजावून सांगितलं होतं. काकी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे माझ्या साडयेसारखा. घडी घातल्याबिगर कपाटात रवणा नाय." वसू खूश झाली. आमच्या सरांपेक्षा आईला लवकर कळलं, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

आणि मग वसूने दाखवून दिलं की कॅल्शियम अजिबात नसतानाही हे प्रोटीन, सावकाश का होईना, आपली आपण घडी घालतं. सगळे म्हणतात त्याच्या बरोबर उलट. आलेख स्वच्छ होते. लेख छापून आला, परदेशातून पत्रं आली, आमच्या सरांची मान ताठ झाली आणि एका चांगल्या संस्थेत वसूची कायमची जागा जवळपास ठरली. त्या काळात ती गोरेगावला मला एका उडप्याकडे घेऊन गेली आणि डोशावर डोसा मागवत म्हणाली, "रेवे, आता आईचं मशीन बंद. वाट लागली गं तिच्या डोळ्यांची." तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग कुठल्याशा परदेशी प्रयोगशाळेतून एका विद्यार्थ्याने नम्रपणे कळवलं की आमच्याकडे हे जमत नाही. वसूने प्रयोग पुन्हा केला. जमला नाही. पुन्हा केला. प्रोटीन सैलच. सर म्हणाले, हाताची सवय गेली असेल, सोडून दे, आधी मुलाखत होऊ दे. पण ही सोडणारी नव्हे. तिने फडताळं उपसली आणि मागच्या कोपऱ्यात तिला स्वतःचीच एक बाटली सापडली. प्रोटीन ज्या द्रावणात ठेवतात त्याला आम्ही बफर म्हणतो. बफरमधलं सगळं कॅल्शियम काढून वसू तो नेहमी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरायची, कारण काचेतून कॅल्शियम हळूहळू पाण्यात उतरतं. हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या एका उन्हाळ्यात प्लास्टिकच्या बाटल्या संपल्या होत्या, नव्यांची मागणी ऑफिसात अडकली होती, आणि तिने तो बफर साध्या काचेच्या बाटलीत भरला. तीनदा विसळलेल्या, आम्लात भिजवलेल्या, आणि तरीही काचेच्या. चार दिवसांपुरता भरलेला तो बफर महिनोन्महिने वापरला गेला. गाजलेले सगळे प्रयोग त्याच बाटलीतले होते. तिने तळाशी उरलेला बफर तपासला, आणि होतं. कॅल्शियम होतं.

"कुणी विचारलंय तुला?" सर म्हणाले. दार उघडं होतं, अख्ख्या लॅबने ऐकलं आणि मला त्यातल्याच एकीने सांगितलं. "दुसऱ्याला नाही जमत, हा त्याचा प्रश्न आहे." वसू म्हणाली, "सर, त्याचं प्रोटीन बरोबर आहे. आपलं चूक आहे." लेख मागे घेण्याच्या पत्रावर सरांनी सही केली नाही. तिने एकटीने नियतकालिकाला कळवून लेख मागे घेतला. लेख गेला, सर दुरावले, जवळपास ठरलेली जागा अर्थातच गेली. पुढे बोरीवलीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. दरवर्षी नवी नेमणूक, दरवर्षी पुन्हा मुलाखत, समोर तिच्याच विद्यार्थिनी परीक्षक म्हणून बसायला लागल्या तरी. काकींचं मशीन चालूच राहिलं. तिच्या प्रामाणिकपणाचं आता शोकसभेत कौतुक झालं. जिवंतपणी कुणी एक कायमची नेमणूक दिली असती तर ते कौतुक मला जरा खरं वाटलं असतं.

ती बाटली तिने घरी आणली होती. दिंडोशीच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाणी घालून तिच्यात मनी प्लांट लावला होता. बाटलीवर तिच्या लॅबमधल्या सवयीप्रमाणे पांढऱ्या टेपचं लेबल होतं, त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘कॅल्शियम नाही’ आणि खाली तिच्या सहीची दोन अक्षरं. "फाडून टाक ना ते," मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे गं. भांडी घासताना समोर दिसतं, बरं असतं." मनी प्लांट मात्र झकास वाढला होता. खिडकीच्या गजांना वेढे घालून वर गेला होता.

कॅन्सर कळला तेव्हा तो हाडांत उतरला होता. हाडं झिजायला लागली आणि त्यांतलं कॅल्शियम रक्तात यायला लागलं. हे मी जुळवून आणलेलं नाही, ह्या आजारात असं होतं. आधी तहान, मग गुंगी, मग माणसाला काही सुचेनासं होतं. राउंडला येणारे डॉक्टर रोज तोच शब्द उच्चारायचे, कॅल्शियम वाढलंय. काकी उशाशी बसून तो ऐकायच्या आणि येईल त्या नातेवाइकाला सांगायच्या, कॅल्शियम वाढला हा. बाकीचा आजार त्यांच्या लेखी बाजूलाच पडला होता. मी शेवटची गेले तेव्हा वसू डोळे मिटून होती. नर्स रक्त घ्यायला आली तशी ती एकदम जागी झाली. "काचेत घेऊ नका," म्हणाली. "काचेत घेता म्हणून वाढलेलं दिसतं. काचेमुळे होतं तसं. परत करा." नर्स माझ्याकडे बघायला लागली. काकी पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं, गुंगीत बोलतेय. पण वसूने माझा हात धरला, घट्ट. "रेवे, तू बघ ना. नळी कसली आहे बघ. मला अजून जगायचंय गं."

काकींना नर्सने तेवढ्यात कसल्याशा सहीसाठी बाहेर बोलावलं. मी ट्रेमधली नळी हातात घेतली, उजेडात धरली. नखाने टकटक करून पाहिलं. आयुष्यभर आम्ही दोघींनी दुसरं केलंय काय? "प्लास्टिकची आहे, वसू," मी म्हटलं. तिने हात सोडला. "मग खरंच वाढलंय," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

परवा मी दिंडोशीला गेले होते. काकी खिडकीशी उभ्या राहून बाटली पुसत होत्या. टेप भिजू नये म्हणून फडकं त्याच्या कडेकडेने फिरवत होत्या. लेकीचं अक्षर आहे ना. मला बघून त्यांनी बाटली मनी प्लांटसकट माझ्यापुढे धरली. "माका इंग्रजी वाचूक येणा नाय. काय लिवला हा गो तिना?"

मी वाचून दाखवलं. कॅल्शियम नाही.

काकींनी बाटली आपल्याकडे वळवली. "नाय म्हणान लिवला हा?" मी मान हलवली. "मगे डॉक्टर वाढला वाढला म्हणान सांगत होते, ता? चेडू सांगत होता, काचेक लागान तसा दिसता म्हणान. किती सांगल्यान... कोणी आयकूक नाय गो तिचा."

वसू असती तर तिने जागच्या जागी सांगितलं असतं, आई, लेबल चुकीचं आहे. त्यासाठी तिने सगळं आयुष्य मोजलं. काकींनी माझ्या हातात तांब्या दिला, मी नुसतं बाटलीत पाणी घातलं, आणि त्यांनी लेबल आपल्याकडे येईल अशी ती खिडकीत परत ठेवली.