कुलरच्या डब्यातला कॉम्प्युटर

गल्लीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या आमच्या बाई बोलताना समोरच्याकडं कधी पाहायच्या नाहीत, हातातल्या कामाकडं पाहायच्या. हैदराबादहून सुटे भाग आणून त्यांनी घरीच कॉम्प्युटर जुळवला होता, तोही गेम खेळायला. पण परभणीच्या उन्हाळ्यात तो तापून बंद पडायचा. त्याला हवेशीर पेटी हवी होती.

बाईंच्या थोरल्या दिरांनी सागवानी शोकेस आणलं. काचेचं दार, झालरीचं कव्हर, वर कुलूप, आणि किल्ली दिरांच्याच खिशात. "बाईमाणूस गेम खेळायलंय म्हणून लोक हसायलेत," असं ते मला म्हणाले. लोक म्हणजे तेच.

बाईंनी मला हाताशी घेऊन गच्चीवरचा जुना कुलर खाली आणला. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची मोटर काढली, पंखा तेवढा ठेवला, आणि त्या जाळीदार पत्र्यात सगळे भाग बसवले. पंखा घरघरू लागला. कॉम्प्युटर दुपारभर बंद पडला नाही.

संध्याकाळी दीर शोकेसचं कुलूप काढून घेऊन आले. डब्याभोवती फिरून म्हणाले, "याचं दार कुठंय?"

"न्हाई ठिवलं, भाऊजी," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या समोरच्याकडं बघून बोलल्या.