अवसेची लस

माझी भाची संयोगिता हिला फेलोशिप मिळाली तेव्हा ती नेमकं काय करणार आहे, हे घरात कुणालाच धड सांगता येईना. तिचे वडील जयवंतराव नंदेसरीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात. त्यांचे आजे-पणजे बडोदा संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे कुठलंही काम म्हटलं की त्यांना आधी हुद्दा लागतो.

"म्हणजे तू डॉक्टर नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"नर्सही नाहीस."

"नाही, बाबा."

"मग त्या आरोग्य केंद्रात तुला सलाम कोण ठोकणार?"

संयोगिता हसली. "सलाम कुणी नाही ठोकणार. दवाखाना सगळ्यांसाठी आहे म्हणतात ना? तो खरंच सगळ्यांपर्यंत पोचतो का, नसेल पोचत तर कुठे अडतो, ते शोधायचं. वर्षभर."

जयवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची मावशी, निरुपमा. सुभानपुऱ्यात राहते, चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. मी म्हटलं, "करू दे. नाही जमलं तर प्रयोगशाळा कुठे पळून जात नाही."

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती दोन वर्षं एका प्रयोगशाळेत होती. पगार बरा, एसीची हवा, घरापासून दहा मिनिटं. पण एक दिवस माझ्याकडे चहा पिताना म्हणाली, "मावशी, काचेच्या बशीतले जंतू मी नावानिशी ओळखते गं. ते ज्यांना होतात, त्यांच्यातलं एकही माणूस मला माहीत नाही." तेव्हाच मला कळलं, ही पोरगी तिथे टिकत नाही.

नवरात्र संपलं आणि ती समाच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात रुजू झाली. पहिल्या आठवड्यात तिला लसीकरणाचे तक्ते दिले. यादीतल्या शंभर मुलांपैकी शहाण्णवांना सगळ्या लसी मिळालेल्या. केंद्राच्या मुख्य डॉक्टर आकांक्षा मॅडम शिस्तीच्या बाई. त्या म्हणाल्या, "आमचं केंद्र पुढे आहे. त्या उरलेल्या चौघांचं बघ."

त्या चौघांना तिने दोन दिवसांत शोधलं. दोन मामाकडे गेलेली, एकाला ताप होता, चौथ्याने तर लस घेतली होती, फक्त लिहायची राहिली होती. काम संपलं! पण रोज घरून केंद्रात जाताना तिची स्कूटर नव्या इमारतींच्या बांधकामांजवळून जायची. तिथे वाळूच्या ढिगावर मुलं खेळत असत. एक दिवस तिने स्कूटर थांबवून मोजली. एका साइटवर नऊ, पुढच्या साइटवर बारा. केंद्रात येऊन यादी उघडली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं.

तिने कपिलाबेनना विचारलं. कपिलाबेन त्या भागातल्या आशा कार्यकर्त्या, पन्नाशीच्या, तेरा वर्षं घरोघर फिरलेल्या. त्या म्हणाल्या, "बेन, माझी यादी सोसायट्यांची. घर नंबरावर चालते. बिल्डिंग पुरी झाली, लोक राहायला आले, की नंबर पडतो. बांधणाऱ्यांचा नंबर कुठला?"

"म्हणजे जी मुलं यादीतच नाहीत, ती शंभरात धरलेलीच नाहीत?"

"कशी धरणार?"

त्या संध्याकाळी ती तडक माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. "मावशी, वर्गात चाळीस मुलं आहेत. तू हजेरीपटावर तीसच लिहिलीस. तीसच्या तीस पास झाली. तुझा निकाल किती?"

"शंभर टक्के," मी म्हटलं, आणि माझा मलाच राग आला.

दिवाळीनंतर छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी कुटुंबं कामावर परतली, तशी संयोगिता रजिस्टर, छापील फॉर्म आणि गळ्यात ओळखपत्र अशा थाटात साइटवर गेली. बायकांनी तिला लांबूनच पाहिलं. मुलं कडेला उचलली आणि विटांच्या थप्पीमागे गेल्या. ती अर्धा तास उभी राहिली. एक म्हातारा तेवढा बसून होता, त्याने ऐकू येत नाही अशी खूण केली. तो चांगला ऐकत होता, हे तिला नंतर समजलं.

कारण कपिलाबेननी शोधून काढलं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असंच कुणी रजिस्टर घेऊन आलं होतं, नावं लिहून गेलं, आणि पुढच्या आठवड्यात झोपड्या उठवल्या गेल्या. "बेन, तो चोपडा आधी डिकीत टाका," कपिलाबेन म्हणाल्या. "आणि दिवसा जाऊ नका. सहाला काम सुटतं, चूल पेटते. तेव्हा जायचं, आणि काही विचारायचं नाही."

संयोगिताला न विचारता बसणं म्हणजे शिक्षाच. पण बसली. चार संध्याकाळी ती चुलीपाशी नुसती बसून राहिली. पाचव्या दिवशी रमिला नावाच्या बाईने मक्याच्या पिठाचा गोळा तिच्या हातात ठेवला. रमिला तिशीच्या आतली, उंच, तोंडाने फटकळ. दिवसभर डोक्यावरून माल वाहायची. चार वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. संयोगिताने रोटला थापला, तो तव्यावर जाईपर्यंत तीन तुकडे झाले. बायका इतक्या हसल्या की विटांच्या थप्पीमागची पोरंसुद्धा बघायला बाहेर आली.

"एवढी शिकली आणि रोटला नाही येत?" रमिला म्हणाली. "तुझ्याशी लग्न कोण करणार?"

"ज्याला रोटला येतो तो," संयोगिता म्हणाली. त्यावर पुन्हा हशा.

तिथून बोलणं सुरू झालं. लस नको असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. गावाकडे नर्सबाई फळियात, म्हणजे वस्तीवर, यायची तेव्हा त्यांनी पोरांना टोचून घेतलंच होतं. प्रश्न बुधवारचा होता. आमच्याकडे लसीकरण बुधवारी, सकाळी नऊनंतर. "बुधवारी मी दवाखान्यात गेले, तर मुकादम दुसरीला उभी करतो," रमिला म्हणाली.

"मग रविवारी?"

"रविवारी तर स्लॅब भरतात."

"तुम्हाला सुट्टी असते तरी कधी?"

रमिलाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अमासला."

बडोद्यात जन्म काढून हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. कडियाकाम, म्हणजे गवंडीकाम, करणारे लोक अवसेला काम बंद ठेवतात. महिन्यात तो एकच दिवस त्यांचा. संयोगिताने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "मी अमासला लसीकरण ठेवणार."

माझ्या तोंडून निघून गेलंच, "अगं, लहान लेकरांना अवसेला सुई? दुसरा दिवस नाही का?"

"मावशी, लक्ष्मीपूजन कुठल्या तिथीला असतं?"

"अवसेलाच," मला कबूल करावं लागलं. मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलेलं माझ्यावरच उलटलं होतं.

आकांक्षा मॅडमना पटवणं अवघड होतं. अवस कधी सोमवारी, कधी शुक्रवारी. सिस्टर, लसींचा बर्फाचा डबा, सगळ्यांचं वेळापत्रक बुधवारचं. त्या म्हणाल्या, "सरकारी कागदात अमास नसते, संयोगिता."

"पंचांगात असते, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हसू आवरायला त्यांना तेवढा वेळ लागला असावा. मग म्हणाल्या, "गोवराची दहा डोसांची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते. उरली तर फेकायची. दहा मुलं येतील, ही तुझी जबाबदारी."

कार्तिकातल्या अवसेला सिस्टर, कपिलाबेन आणि संयोगिता नऊ वाजता साइटवर पोचल्या. साइट रिकामी. तो म्हातारा आणि दोन कुत्री, बस्स. अवसेला सगळे बाजाराला जातात, हे हिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हिने विचारलंच नव्हतं. बारापर्यंत थांबून त्या बर्फाचा डबा तसाच परत घेऊन गेल्या. कुपी उघडली नव्हती, एवढंच नशीब.

ती माझ्याकडे येऊन भिंतीला टेकून बसली. "मावशी, बाबांचं बरोबर होतं. मी ना डॉक्टर, ना नर्स. मी कोण आहे?"

मी तिच्यासमोर बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा ठेवला. उपदेश करायचा मोह झाला, तो गिळला. बशी संपल्यावर ती आपणहून उठली आणि म्हणाली, "जाऊन रमिलालाच विचारते."

रमिला तिच्यावर उलट ओरडली. "नऊ वाजता कोण बसून राहील? बाजार काय तुझ्यासाठी थांबतो? सातला ये. पोरांना टोचून घेऊ आणि मग जाऊ. आणि माझ्या एकटीच्या साइटवर काय येतेस, सहाही साइटवरच्या बायकांना मी सांगते."

पुढचा महिना त्या दोघींनी मिळून यादी केली. आता रजिस्टर डिकीतून बाहेर आलं, कारण रमिलानेच मागितलं. अडचण एकच होती. मुलांच्या जन्मतारखा कुणाला माहीत नव्हत्या, आणि तारखेशिवाय कुठली लस द्यायची ते ठरत नाही. रमिलाकडे मात्र वेगळाच हिशेब होता. "हा पोरगा? कोपऱ्यातल्या बिल्डिंगचा तिसरा स्लॅब भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. ती मुलगी? टाकीचं काम चाललं होतं तेव्हाची." संयोगिता सुपरवायझरकडे गेली. त्याच्या डायरीत प्रत्येक स्लॅबची तारीख होती. मग माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघींनी एक मोठा कागद पसरला. एका बाजूला स्लॅब, एका बाजूला मुलं. निवृत्त झाल्यापासून मला एवढी मजा आली नव्हती. चौतीस वर्षं हजेरी घेतली, पण स्लॅबवरून मुलांची वयं काढायची माझी पहिलीच वेळ. सहा साइट मिळून पाच वर्षांखालची एकेचाळीस मुलं निघाली.

मार्गशीर्षाच्या अवसेला मीही गेले. कार्डं लिहायला अक्षर चांगलं लागतं, असं कारण मी दिलं होतं. खरं तर घरी बसवेना. थंडी मजबूत होती. पावणेसातला आम्ही पोचलो, तर सिमेंटच्या गोणींवर बायका आधीच बसलेल्या. बाजाराची नवी लुगडी, तेल लावलेले केस, मांडीवर मुलं. रमिला मध्ये उभी राहून रांग लावत होती. माझ्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनाही तसा आवाज नव्हता.

सिस्टरनी पहिली कुपी उघडली. पहिली सुई रमिलाच्या लेकीला. तिने एवढा सूर लावला की रांगेतली सगळी पोरं आधीच रडायला लागली. मग कपिलाबेननी टाळ्या वाजवत तिथेच एक गरब्याचा फेरा धरला. दोन बायका फेऱ्यात शिरल्या, आणि रडणारी पोरं तोंड उघडं ठेवून बघत राहिली. तेवढ्यात सिस्टर आपलं काम उरकत होत्या.

मी कार्डं लिहीत होते. आईचं नाव, मुलाचं नाव, गाव, मागे संयोगिताचा फोन नंबर. एक बाई वाकून म्हणाली, "माझं नाव पण लिहायचं?" मी म्हटलं, "हो तर, आईचं नाव आधी." तिने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिलं, आणि ब्लाउजमध्ये खोचलं.

नऊच्या सुमारास एक गाडी आली. आकांक्षा मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग डब्याकडे. "किती झाली?"

"अडतीस," संयोगिता म्हणाली. "तीन गावाला गेली आहेत. मी नावं लिहून ठेवली आहेत."

मॅडमनी पर्स बाजूला ठेवली, बाह्या वर सारल्या आणि एका खोकणाऱ्या बाळाची छाती तपासायला बसल्या. मग एका गरोदर बाईचं ब्लडप्रेशर घेतलं. मग दुसरीचं. दहा वाजता त्यांनी फोन लावून गोळ्यांचा आणखी एक खोका मागवला.

जयवंतराव पहिल्या पाळीवरून घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते बुटाच्या नाड्या सोडत ऐकत होते. "आमच्या कारखान्याबाहेरही असे लोक राहतात," ते म्हणाले. "त्यांची सुट्टी कधी असते, मला माहीत आहे. तिला सांगू का?" मी म्हटलं, "तुमची मुलगी आहे, विचारताय काय?" दुसऱ्या दिवशी बापलेक स्वयंपाकघरात नंदेसरीचा नकाशा काढत बसले होते.

पौषापासून केंद्राच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात बुधवारखाली एक ओळ वाढली : 'अमास, सकाळी ७, साइटवर'. लसीचा आकडा शेकड्याला शहाण्णववरून ब्याऐंशीवर आला, कारण आता सगळी मुलं शंभरात धरली होती. वरून विचारणा झाली. आकांक्षा मॅडमनी उत्तर पाठवलं की आधीचा आकडा चुकीचा होता, हा खरा आहे. हे सांगताना संयोगिताचा चेहरा असा फुलला होता, जणू तिलाच पदक मिळालंय. होळीपर्यंत तो आकडा त्र्याण्णववर गेला. त्र्याण्णव, सगळ्यांना धरून.

होळीला राठवा मंडळी गावी गेली. रमिलाचं कुटुंब परत आलं नाही. त्यांना भरूचकडे काम मिळालं होतं.

वैशाखात मी तिच्या मागे स्कूटरवर बसून फतेहगंजकडे चालले होते. तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने गाडी कडेला घेतली. भरूचकडच्या कुठल्याशा केंद्रातली एक नर्स बोलत होती. "एक बाई आल्यात. कार्ड आहे त्यांच्याकडे. मागे तुमचा नंबर लिहिलाय. सोबत आणखी सहा बायका आहेत, त्या म्हणतात की आम्हाला पण असंच कार्ड पाहिजे. आणि या बाई मला सांगतायत की बुधवार चालणार नाही म्हणून. हे काय आहे?"

नर्सच्या मागून रमिलाचा खणखणीत आवाज मला स्कूटरवर ऐकू आला. "तिला सांग, अमासला सातला!"

संयोगिता भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, हसत हसत ओरडून सांगायला लागली, "बेन, त्यांचं ऐका! पहिल्यापासून सांगते, तुम्हाला वेळ आहे ना?"

नर्सला वेळ होता. आम्ही वीस मिनिटं उन्हात उभ्या होतो.