घरातलं पोट घरातच

आमच्या घरात त्याला आजार म्हणत नसत. 'आपलं पोट' म्हणत, जसं काही सातबाऱ्यावर नाव लागलंय. माझ्या वडिलांना होतं, थोरल्या काकांना होतं. रक्त जायचं, माणूस सुकत जायचा, मग त्याला गणेशपुरीच्या गरम कुंडात बुडवून आणायचे. आमच्या वळ गावच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, दारात गाड्या आल्या, पण पोटाची गोष्ट उंबऱ्याबाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. बाहेर कळलं तर आमच्या मुली कोण करणार? यावर आमच्या शहाण्या मंडळींनी तोडगा काढला होता: मुलगी नात्यातच द्यायची. म्हणून मला आत्याच्या मुलाला दिली. जमीनही घरात, गुपितही घरात.

नवऱ्यालाही तेच आहे, हे मला लग्नानंतर कळलं. आत्याला, म्हणजे माझ्या सासूला, ते आधीच ठाऊक होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या दिवाळीपासून माझी लेक सुकू लागली. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजला निघायची आणि धामणकर नाक्यावरूनच परत फिरायची, कारण पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली तर संडास कुठे शोधणार? मला भीती वाटत होती, आणि ती भीती मला लहानपणापासून ओळखीची होती.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडी तपासली. जखमा होत्या. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "न्हाय डॉक्टर, आमच्याकडं कोनाला काय न्हाय. बाहेरचं खाते ती."

मग मीच सांगितलं. वडील, काका, नवरा.

"म्हणजे दोन्हीकडून," डॉक्टर म्हणाले. वारशानं आजार येतोच असं नाही, पण त्याचा कल येतो, आणि दोन्ही बाजूंनी आला तर धोका वाढतो. औषधं आहेत, फक्त लपवत बसू नका, असं त्यांनी बजावलं.

परतताना गाडीत आत्या माझ्याकडे वळली. म्हणाली, "सगलं ओकून बसलीस. आता बाहेरचा कोन करंल हिला? तुझ्या भावाच्या पोरालाच द्यावी लागंल. तो तरी धडधाकट हाय."

लेक खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिनं डोळे उघडले नाहीत.

"आजी, मामाकडच्या दादालापण रक्त जातं," ती म्हणाली. "घरात कुणाला सांगू नको म्हणालाय."