इन्व्हर्टरची शिट्टी

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला यवतमाळच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. बाबांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनची मशीन घरघरत होती. इन्व्हर्टरचा सॉकेट त्याच खोलीत होता, म्हणून धाकट्या भावाने आपला डेस्कटॉपही तिथेच आणून ठेवला होता. त्याला पेनड्राइव्हएवढे दोन क्रिप्टो मायनर, म्हणजे इंटरनेटवरची आभासी नाणी मिळवणारी उपकरणं, लावलेले होते; ते तापले की प्लास्टिकचा वास सुटायचा आणि वीज गेली तरी नाणी खोदणं थांबू नये, एवढाच त्याचा हट्ट होता. त्या दुपारी वीज गेली आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला. बॅटरी संपत आली होती. "अबे, तुही मशीन बंद कर," बाबा भावाच्या डेस्कटॉपकडे बोट करत नळीआडून म्हणाले. भाऊ धावला आणि घाईत त्याने एक्स्टेंशन बोर्डाचं मुख्य बटणच दाबलं. बाबांची मशीन आणि डेस्कटॉप, दोन्ही त्याच बोर्डावर होते. घर एकदम गप्प झालं आणि बाबांचा आखूड, खरखरीत श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. मी डेस्कटॉपची पिन उपटली, बटण पुन्हा दाबलं. मशीन घरघरली तोवर बाबांचे ओठ निळसर पडले होते. "तुही म्हणलं होतं बे, माही नाही," जरा वेळाने ते म्हणाले, तसा भाऊ भिंतीला टेकून रडू लागला. संध्याकाळी त्याने ते मायनर तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला लावले, जो मोबाइलच्या चार्जरवर चालतो. बाबा या पावसाळ्यात गेले. इन्व्हर्टरवर तेवढा तो छोटा कॉम्प्युटर अजून चालू आहे, आणि आता वीज कितीही वेळ गेली तरी इन्व्हर्टर शिट्टी मारत नाही.