कमरेवर हात

कारखान्याच्या शेडमध्ये, पत्र्याच्या अगदी पोटाशी, काचेची एक खोली लटकत होती. तिथे बसून जी बाई क्रेन चालवायची तिला सगळे 'घार' म्हणत. नजर तशी आणि आवाजही तसाच. लग्न होऊन आली तेव्हा मात्र माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली तरी तिचे पाय लटपटत.

लढाई लागली, तिचा दीर आघाडीवर गेला आणि त्याची क्रेन रिकामी पडली. मुकादमाने बायकांना गोळा करून विचारलं, "वर कोण चढतंय?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. नेमकी हिला शिंक आली. "ही बघा, बोलली!" म्हणत मुकादमाने तिलाच धरलं. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याने रातोरात विजार शिवून दिली आणि ती शिडी चढली. पहिला दिवस डोळे मिटून, दुसरा देवाचं नाव घेऊन, तिसऱ्या दिवशी वरून खालच्या बायकांना हाका मारत.

पण हाका कुणाला ऐकू येणार? घणांच्या दणदणाटात कानठळ्या बसायच्या. पूर्वी गडी शिट्टीवर काम करत. लढाईत शिट्टी राखली होती शत्रूची विमानं आली की वाजवायला, त्यामुळे एरवी बंदी. मग बायकांनी आपल्या खुणा काढल्या. बाळ थोपटावं तसा हात हलला की ओझं हळू खाली. कालवण ढवळावं तसा फिरला की क्रेन वळवायची. आणि दोन्ही हात कमरेवर गेले की जागच्या जागी थांबायचं. या खुणांवर अख्खी लढाई निभावली, कुणाचं बोटही चेंगरलं नाही.

लढाई संपली. दीर धडधाकट परत आला, मिशा वाढवून. घरात आनंदीआनंद. जेवताना तो म्हणाला, "वहिनी, उद्यापासून तुम्ही सुटलात. माझी जागा मी सांभाळतो."

"मी अडकले होते असं कुणी सांगितलं, भाऊजी?"

तो हसला. सासू मात्र हसली नाही. घारीच्या बिल्ल्यावर 'बदली' असा शिक्का होता. बदलीवालीने मूळ माणूस आला की उठायचं, हा कारखान्याचा नियम. साहेबाने तिला खोकी बांधायच्या खात्यात धाडायचं ठरवलंच होतं. खोकी बांधण्यात कमीपणा नव्हता, पण वरून दिसणारं ते सगळं, ते आपल्या हाताने डुलणारं लोखंड, ते सोडायला तिचं मन तयार नव्हतं.

सकाळी दीर ऐटीत शिडी चढला. घार खाली उभी. साहेब नवी हॅट टेबलावर ठेवून कौतुकाने बघत होता. क्रेनला भलंमोठं रिकामं पिंप. पिंप टेबलाकडे सरकू लागलं तशी खालच्या बाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. दिराला वाटलं, बाई आपली ऐटीत उभी आहे. त्याने मिशीवर ताव दिला आणि पिंप खाली सोडलं.

"साहेब, पळा!" घार ओरडली.

साहेब पळाला. हॅट राहिली. पिंप उचललं तेव्हा ती टेबलाला पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटली होती.

दीर घामाघूम होऊन खाली आला. साहेब घारीकडे वळला. "याला आठवडाभर खुणा शिकव. मग तू खोकी बांधायला जा."

"शिकवीन की. पण हा बिल्ला लावून नाही."

"अगं, तू बदली आहेस!"

"साहेब, मी बाई म्हणून ओझं हलकं झालं होतं का? मग बिल्लाच का हलका? वर पाळ्या दोन आहेत. एक भाऊजींची, एक माझी. दोघांनाही 'कायम'चा बिल्ला."

"दुसऱ्या पाळीला मी माणूस ठरवलाय."

"त्यालाही हॅट दाखवून ठेवा!" मागून कुणीतरी म्हणालं.

साहेब ओरडला, "चला, कामाला लागा!" बायकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. एकीने, दुसरीने, मग सगळ्या रांगेने. घण थांबले. शेडमध्ये इतकं शांत झालं की छपरावरची कबुतरं ऐकू आली. साहेबाने दिराकडे पाहिलं. "तू तरी सांग तुझ्या वहिनीला!"

दिराने एकदा हॅटकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग त्याने हळूच आपलेही हात कमरेवर ठेवले. "साहेब, याचा अर्थ आता मला कळलाय."

दुपारी घारीला 'कायम'चा बिल्ला मिळाला. बाकीच्या बायकांचे बिल्ले बदलायला मात्र पुढचं अख्खं वर्ष गेलं आणि हात कमरेवर बऱ्याचदा न्यावे लागले. घारीने दर वेळी क्रेन थांबवली, दिराच्या पाळीत त्याने.

बिल्ला मिळाला त्या संध्याकाळी दीर घरी रंगात येऊन सांगत होता, "पिंप मी मुद्दामच सोडलं, वहिनींची जागा राहावी म्हणून..."

सासू स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

दीर जागच्या जागी थांबला.